पलंगावर बढती

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग टाकला गेला. ३ तारखेच्या सकाळी काम सुरू, ७ तारखेच्या संध्याकाळी खतम, मधल्या रात्री शेकडो माणसं जागी. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. वऱ्हाडातली कामं रेंगाळतात असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवसापासून बंद आहेत. फक्त एका कामाबद्दल आम्ही अजून मान वर करून बोलू शकत नाही. त्याच रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या घरांत दोन-अडीच वर्षांच्या लेकराला पाळण्यातून उचलून चार हातांवरच्या पलंगावर निजवण्याचं काम किती तासांत होतं, हे मोजायला गिनीजवाल्यांनी माणूस पाठवू नये. तो घड्याळ घेऊन ओसरीवर बसेल, आजी त्याला जेवल्याशिवाय उठू देणार नाही, आणि काम संपेस्तोवर त्याची पेन्शन सुरू होईल.

माझा भाचा अमरावतीला कॅम्पात राहतो. त्याची सासुरवाडी अकोल्याची, जठारपेठेतली. दोन गावांत अंतर शंभरेक किलोमीटर, पण फोन आल्यापासून ते नुसतं कागदावर उरलंय. लेकराला शिंक अमरावतीत येते आणि ‘शतायुषी हो’ अकोल्याहून येतं. अशा घरात सूनबाईंनी एका सकाळी चहा गाळता गाळता जाहीर केलं, की आता ह्याला पाळण्यात ठेवणं बरं नाही. त्यावर माझी बहीण काही बोलली नाही. तिनं फक्त गॅस बारीक केला. ज्यांनी वऱ्हाडी सासू पाहिली आहे त्यांना हा ठराव फेटाळल्याचा आवाज ओळखू येतो.

पाळणा अकोल्याचा. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा बाळ तयार होऊन येतं ते सामानासकट. पाळणा सागवानी आहे, वर फिरते राघू, चारही कोपऱ्यांना पितळी कड्या, आणि साग थेट मेळघाटातला, असं अकोलेकर सांगतात. लाकडाची चौकशी करायला गेलं की ते पाळण्याची वंशावळ सुरू करतात. यात म्हणे त्यांच्याकडचे एक तहसीलदार झोपले, एक तलाठी झोपले, आणि एक जण झोपले ते पुढे नागपूरला वकील झाले. वस्तूला एवढा इतिहास चिकटला, की ती वस्तू राहत नाही, ती नातेवाईक होते. छताच्या कडीवरून तिला उतरवायचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला खुर्चीवरून ऊठ म्हणण्यासारखं.

त्यात पाळण्याचे कायदे वेगळे. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराचं पोट दुखतं, हा पहिला. हा कायदा ज्यांनी केला त्यांच्या घरी छताचा पंखा नव्हता. आता लेकरू पाळण्यातून काढून मांडीवर घेतलं, की पंख्याच्या वाऱ्यानं पाळणा आपसूक डुलायला लागतो, आणि कोणीतरी धावत जाऊन त्याला धरतं. शेवटी आबाजींनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, एक सुती दोरी आणून रिकामा पाळणा खिडकीच्या गजाला बांधायची पद्धत पाडली. दिवसातून अनेकदा ही गाठ बांधायची आणि सोडायची. मेहुणे महसूल खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना असं नेमाचं काम मिळालं नव्हतं. म्हणून पाळणा काढायला त्यांचाही विरोध. त्यांनी तो उघड केला नाही, मोजमाप मागितलं.

मोजमाप न्यू जर्सीहून आलं. सूनबाईंची चुलतबहीण तिथं असते. तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की तिकडे मूल पस्तीस इंच उंचीचं झालं, किंवा त्याच्या उंचीच्या पाऊणपट कठडा राहिला नाही, की बालरोगतज्ज्ञ क्रिबमधून बाहेर काढायला सांगतात. तिकडे क्रिबच्या गजांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि एक बाजू खालीवर सरकणारे क्रिब जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, कारण त्या सरकत्या बाजूत लहान मुलं अडकून दगावली होती. हे ऐकल्यावर सगळे जण आपल्या पाळण्याकडे पाहायला लागले. त्याच्या दोन दांड्यांमधून शेजारचं मांजर सरळ आत जातं आणि सरळ बाहेर येतं. तहसीलदार वाचले कसे, असा प्रश्न मला पडला. मी विचारला नाही.

पण खरं सांगायचं तर टेपाची गरजच नव्हती. लेकरू आता पाळण्यात झोपत नव्हतं, ड्युटी करत होतं. पितळी कडी एका हातानं धरून, दुसऱ्या हातात बिस्किट घेऊन, पाय फाकवून ते चालत्या पाळण्यात एसटीच्या कंडक्टरसारखं उभं राहायचं, आणि मूर्तिजापूर आल्याशिवाय खाली बसायचं नाव नाही. झोका थांबला की ओरडायचं. मध्येच एक तंगडी बाहेर टाकून खालच्या फरशीचा अंदाज घ्यायचं. ते पाहून सूनबाईंचा जीव खालीवर व्हायचा आणि आजी, म्हणजे माझी बहीण, मात्र कौतुकानं म्हणायची, “पाह्य न, कसा उभा राह्यते! पडत नाही थो. त्याले समजते.”

ठराव तत्त्वतः मंजूर झाल्यावर काळवेळेचा प्रश्न आला. उन्हाळ्यात काढू नका, पाळण्यात खालून वरून हवा लागते. पावसाळ्यात काढू नका, जमिनीजवळ विंचूकाटा. हिवाळ्यात थंडी. अधिक महिना निषिद्ध, पितृपक्षाचं तर नावच नको. अमावास्येला काही नवं करायचं नाही आणि शनिवारी जुनं मोडायचं नाही. हे सगळं वजा केल्यावर वर्षातले जे थोडे दिवस उरले, त्यांत लेकराला सर्दी होती.

शेजारच्या काकूंना वेगळीच काळजी. छताची कडी मोकळी दिसली, की वऱ्हाडात लोक लेकराबद्दल विचारत नाहीत, धोरणाबद्दल विचारतात. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींनी पिढ्यान् पिढ्या जी भाषा शिकवली ती कामाला येते. काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “काहून वं, पाळणा काढू राह्यल्या? लांबवला का थांबवला?” सूनबाई लाजल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, “काकू, नुसता काढला.” काकूंचं समाधान झालं नाही. असं नुसतं कोणी काही काढत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग गादी. इथं मला जरा थांबू द्या, कारण हा आमच्या अब्रूचा विषय आहे. वऱ्हाड म्हणजे कापूस. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. आगगाडी आली, अकोल्या-अमरावतीला जिनिंग-प्रेसिंग आलं, पांढरं सोनं हा शब्द आला. सोनं गेलं, शब्द राहिला. तरी लेकराची पहिली गादी इथं फुकट होती. वेचणीच्या दिवसांत शेतात निंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू तिच्यात टाकायचं, आणि ते झोळीला मोठं झालं की सरळ वेचलेल्या कापसाच्या ढिगावर. पाळण्यातून पलंगावर जायचा सगळा प्रवास दोन पावलांत पार. ढिगावरून पडलं तरी कापसातच पडणार.

आता माझ्या बहिणीच्या गावाकडच्या घरात काही क्विंटल कापूस अर्ध्या खोलीत छताला टेकलेला आहे. भाव वाढेल म्हणून ठेवला आहे. भाव वाढत नाही, अंगाची खाज तेवढी वाढते. साठवलेल्या कापसात किडे होतात आणि घरातले सगळे खाजवत बसतात. एवढा कापूस घरात असताना लेकराच्या गादीचा विषय निघाला, तर भाच्यानं मोबाइल काढला आणि फोमची गादी मागवली! ती आली ती गुंडाळून, दाबून, प्लॅस्टिकमध्ये. कात्री लावल्याबरोबर ती श्वास घेऊन फुगली आणि लेकरू भिऊन पाळण्यात जाऊन बसलं. आजी म्हणाली, “जी गादी स्वतःच झोपेतून उठते, तिच्यावर लेकरू कसं झोपन?”

आबाजींना मग पिंजारी आठवला. खांद्यावर धनुकली घेऊन गल्लीत यायचा, तातीचा टणत्कार झाला की पोरं धावायची. अंगणात जुनी गादी उसवायची, गठ्ठ झालेला कापूस पिंजून ढगासारखा करायचा, पुन्हा खोळीत भरायचा आणि हातभर सुईनं टाके घालायचे. दिवसभर घरातल्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. गादी अशी ताठ व्हायची की पहिले आठ दिवस माणूस तिच्यावरून घरंगळायचा. आता मशीनवर पिंजतात आणि आवाज येतो तो गिरणीचा. शेवटी तोड निघाली. खाली फोम, त्याच्यावर कापसाची पातळ गादी, त्याच्यावर आजीच्या हातची गोधडी. गोधडीला वऱ्हाडात नाही म्हणता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, तेव्हा त्या चिंध्यांपुढे फोमवाल्यांनी काय बोलावं? सगळ्यात वर चादर, तिच्यावर छोटा भीम. एवढे थर झाल्यावर पलंगाची उंची इतकी वाढली, की पाळणा बरा होता असं सूनबाईंनाही वाटून गेलं.

पलंग कुठं ठेवायचा हे वऱ्हाडात माणूस ठरवत नाही, कूलर ठरवतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो आणि अमरावती त्याच्या मागं मागं असते. त्या दिवसांत घराचा नकाशा वास्तुशास्त्राप्रमाणे नसतो, कूलरच्या झोताप्रमाणे असतो. झोताच्या समोर कर्ता पुरुष, त्याच्या बाजूला पाहुणे, कोपऱ्यात सून, आणि स्वयंपाकघराला वारा लागला तर लागला. कूलरचं गवत बदलणं, मोटर पाहणं, टाकी भरणं हा घरचा नित्यनेम. अकोल्याकडे नळ रोज येईलच असं नाही, तेव्हा काटेपूर्णेच्या पाण्यातला एक हिस्सा पिण्याला, एक वापरायला आणि एक कूलरला, असा हिशोब घरोघर असतो आणि तिसऱ्या हिश्श्यावरून भांडणं होतात. अशा झोतासमोरची जागा अडीच वर्षांच्या माणसाला द्यायची म्हणजे सत्तांतर होतं. ते झालं. आबाजींची आरामखुर्ची भिंतीकडे गेली, टीव्ही हलला, देव्हारा तेवढा वाचला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस सगळे जे म्हणत होते ते साफ खोटं होतं. लेकराला हलवायचं आहे, लेकराला हलवायचं आहे! लेकरू हललंच नाही. लेकरू सोडून बाकीचं घर हललं. पाळण्यात होतं तोवर ते एका माणसाची जागा घेत होतं, तीही हवेतली. खालून झाडूही फिरायचा. पलंगावर आलं तसं त्यानं जमीन ताब्यात घेतली. पाळण्याची दोरी मोठ्यांच्या हातात असायची. पलंगाला दोरी नसते.

पहिल्या रात्रीसाठी तटबंदी उभी केली. उत्तरेला लोड, दक्षिणेला दोन उशा, पूर्वेला भिंत, पश्चिमेला गुंडाळलेली सतरंजी, आणि खाली फरशीवर पुन्हा एक गादी. आबाजींनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली आणि म्हणाले, “गाविलगड झाला बावा!” उपमा त्यांनी अभिमानानं दिली, पण चिखलदऱ्याच्या त्या किल्ल्याचं काय झालं ते ते विसरले होते. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्ली दक्षिणेकडून तोफा डागून लक्ष वेधत राहिला, स्टीव्हन्सननं उत्तरेचा तट फोडला, आणि आतल्या किल्ल्याला शिड्या लावून इंग्रज चढून गेले. लेकरानं युद्धशास्त्र वाचलेलं नाही. तरी त्यानं दक्षिणेच्या उशीवर दोन लाथा मारल्या, सगळे तिकडे धावले, आणि ते उत्तरेच्या लोडावरून निवांत खाली उतरलं. उतरून थेट पाळण्यापाशी गेलं आणि दोरीची गाठ दाखवून म्हणालं, “सोड.”

पुढच्या काही रात्री ते पडायचंही. पडल्यावर काय करायचं याची रीत ठरलेली आहे. आधी जमिनीला मारायचं. मग “पाह्य, मुंगी मेली!” म्हणून मुंगी शोधायची. लेकरू रडणं सोडून मुंगी शोधायला लागतं, ती सापडत नाही, म्हणून पुन्हा रडतं. तेवढ्यात मीठ-मोहऱ्या ओवाळून होतात. वरून पडणाऱ्याला खालच्या गादीमुळे काही लागलेलं नसतं, ही बाब कोणी नोंदवून घेत नाही. अकोल्याहून फोन: “पडला म्हणते?” हे अकोल्याला कोण सांगतं, हा शोध अजून लागलेला नाही. माझा संशय आबाजींवर आहे.

न्यू जर्सीचा सल्ला असा, की रडू द्या. तिकडे रिचर्ड फर्बर नावाच्या डॉक्टरांनी १९८५ साली लिहिलेलं पुस्तक आहे, त्यात मुलाला त्याच्या खोलीत ठेवून बाहेर यायचं, रडलं तर ठरलेल्या अंतरानं थोडं थोडं जास्त थांबून जायचं, धीर द्यायचा आणि पुन्हा बाहेर यायचं, असं सांगितलेलं आहे. सूनबाईंनी ते मनावर घेतलं. पण फर्बरसाहेबांनी गृहीत धरलेली माणसं आमच्या गल्लीत राहत नाहीत. लेकरू रडायला लागलं आणि सूनबाई घड्याळ पाहत दाराबाहेर उभ्या राहिल्या. पहिल्या मिनिटाला आजीनं माळ खाली ठेवली. दुसऱ्या मिनिटाला आबाजी खोकले. तिसऱ्या मिनिटाला काकूंनी बेल वाजवली आणि पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे सर लुंगी सावरत जिन्यात, हातात ग्राइप वॉटरची बाटली. “लेकरू रडू राह्यलं न, काय झालं?” त्याला झोपायची सवय लावतोय, असं सूनबाईंनी सांगितलं. सर म्हणाले, “मग ठीक आहे,” आणि सोफ्यावर बसले. चहा करावा लागला. लेकराला सोफ्यावर आणावं लागलं, कारण इतके लोक त्याच्यासाठी आलेले. रात्री अकरा वाजता ते सरांच्या मांडीवर झोपलं. सर हलू शकेनात. पाठोपाठ सरांनाही झोप लागली.

भाच्याचं म्हणणं, की लेकराला स्वतःची अशी काहीतरी ओढ वाटली पाहिजे. त्यानं मोटारगाडीच्या आकाराचा लाल पलंग आणला. पुढं दिवे, बाजूला चाकं, दोन्ही कडेला कठडा. किंमत विचारू नका. तेवढ्यात मेहुण्यांनी लग्नाच्या वेळी सगळ्या घराचं फर्निचर केलं होतं, हे ते रोज सांगतात. लेकराला पलंग फार आवडला. त्यात बसून ते दिवसभर मूर्तिजापूरला जायचं. झोपायचं म्हटलं की खाली उतरायचं, कारण गाडीत झोपत नाहीत, झोपलं तर स्टॉप निघून जातो. एप्रिलच्या शेवटी त्या पलंगावर मुगाच्या वड्या वाळत होत्या, कठड्यावर आबाजींचे दोन पंचे, आणि स्टीअरिंगला छत्री टांगलेली. एवढी उपयोगी वस्तू घरात आजवर आली नव्हती, असं माझ्या बहिणीनंही कबूल केलं.

म्हणजे लेकरू झोपायला पुन्हा मोठ्या पलंगावर. सहा बाय साडेसहाचा पलंग, त्यावर दोन मोठी माणसं आणि मध्ये एक जेमतेम मीटरभराचं. हे मीटरभर आडवं झालं की सहा फुटांना पुरून उरतं, हे गणिताच्या शिक्षकांना पटणार नाही. ज्यांच्या बरगड्यांत रात्री दोन वाजता टाच बसली आहे त्यांना पटेल. डोकं आईच्या पोटात, पाय बापाच्या हनुवटीखाली. बाप आधी कडेला जातो, मग कडेच्याही कडेला, मग एक पाय जमिनीवर ठेवून झोपतो, आणि शेवटी ज्या गादीवर लेकरू पडेल म्हणून ती अंथरलेली असते तिच्यावर तो स्वतः उतरतो. लेकरासाठी केलेली सगळी सोय वऱ्हाडात शेवटी बापाच्या कामी येते.

मे महिन्यात लाईट गेली की हे सगळे वाद आपोआप मिटतात. संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतायच्या, वाफ निघून जाऊ द्यायची, आणि नऊच्या सुमाराला सगळं बिऱ्हाड अंथरुणांसकट वर. तिथं ना पलंग, ना पाळणा, ना तटबंदी. एका टोकाला आबाजी, मग बाकी सगळे ओळीनं जमिनीवर. लेकरू एका टोकाला निजवायचं आणि पहाटे दुसऱ्या टोकाला शोधायचं. मधल्या वेळात ते पाच अंथरुणं ओलांडून गेलेलं असतं, कधी शेजाऱ्यांच्याही, कारण दोन स्लॅबमधली भिंत वीतभर आहे. एका पहाटे ते काकूंच्या गोधडीत सापडलं आणि काकूंचा नातू आमच्याकडे. दोघंही गाढ. कोणी बदलून घ्यायची घाई केली नाही. चहाच्या वेळी ज्याचं त्यानं नेलं. न्यू जर्सीला हे कळवलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला, मंडळी खाली आली आणि पाळणा अकोल्याला परत गेला. तिकडे सूनबाईंच्या भावाकडे दिवस गेले होते, वंशावळीत पुढचं नाव घालायचं होतं. आबाजींनी शेवटची गाठ सोडली, राघू वेगळे गुंडाळले, कड्या पिशवीत बांधल्या. टेम्पोवाल्यानं रिकामा पाळणा मागं उभा करून बांधला, आणि आजीनं त्याला ताकीद दिली, “धीरे धीरे जाजो बावा, हलू देजो नको.” नवाकोरा विक्रमी रस्ता होता, म्हणून निदान तेवढं जमलं असावं.

त्याच रात्री मी मुक्कामाला होतो. पाणी घ्यायला उठलो तर खोलीचं दार उघडं. भाचा खालच्या गादीवर, कूलरच्या बाजूला. त्याच्या शेजारी आबाजी. हे इथं कसे, म्हणून मी खुणेनं विचारलं. ते कुजबुजले, की भाचा लहान होता तेव्हा त्यालाही पाळण्यातून पलंगावर घेतलं होतं, तेव्हापासून त्यांना खालीच झोप लागते, पलंगावर कंबर धरते. आणि मग भाच्याला ढोपरानं ढोसून ते म्हणाले, “सरक न बे तिकडे. खालचा वारा इथीच लागते, ही जागा माही आहे.” भाचा सरकला. दोघांच्या मध्ये, पोटावर पडून, तोंड उघडं टाकून लेकरू. ते केव्हा उतरलं कोणाला माहीत नव्हतं. वर सहा बाय साडेसहाच्या पलंगावर सूनबाई एकट्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडव्या, डोक्यावरून छोटा भीम ओढून.

सकाळी सातला अकोल्याचा फोन आला. पाळणा पोचला होता, एक राघू सापडत नव्हता, तो मग दुसऱ्या पिशवीत सापडला. आणि मुख्य चौकशी:

“मंग? पलंगावर झोप लागली का?”

“हो आई,” सूनबाई म्हणाल्या, “मस्त लागली. एकदाही जाग आली नाही.”